एकतीस नंबरची तीन मतं

पिवळ्या स्वेटरातल्या मुलीच्या हातात मी पास झाल्याचा कागद ठेवला आणि ती म्हणाली, "पण माझी परीक्षा अजून झालीच नाहीये." रांगेतली माणसं हसली. खिडकीमागं बसणारी मॉरीन तर टेबलावर डोकं टेकून हसली. झालं होतं ते एवढंच. सकाळी सव्वादहाला मी एका मुलीला गाडीच्या परवान्याच्या परीक्षेला घेऊन गेलो होतो. पिवळा स्वेटर. दुसऱ्या सिग्नलजवळ तिचा घोळणा फुटला. तिनं आरसा बघितला, इशारा दिला, गाडी अगदी नियमानं कडेला घेतली आणि मगच रुमाल मागितला. मनातल्या मनात मी तिला तिथंच पास केलं. कचेरीत परतल्यावर ती तोंड धुवायला गेली, रक्तानं माखलेला स्वेटर काढून आतल्या करड्या शर्टावर बाहेर येऊन बसली. आणि मी कागद भरून आलो तो सरळ पिवळा रंग शोधत. दुसरी एक पिवळी समोरच होती. "रॉस, तू माणसं बघतोस की कपडे?" मॉरीन म्हणाली. मीही हसायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर एकतीस हा आकडा आला. मरून जर्सीच्या पाठीवर सोनेरी एकतीस, चिखलानं अर्धा बुजलेला.

उरलेल्या चार परीक्षा मी कशा घेतल्या ते मला सांगता यायचं नाही. एकाला बहुधा उगाच नापास केलं. घरी जाताना ट्रामच्या खिडकीला डोकं टेकून मी तो आकडा पुसायचा प्रयत्न करत होतो. माझा स्वभावच वाईट. दुखरा दात जिभेनं चाचपत बसायचं, ही माझी जन्माची खोड. एकोणीसशे चौऱ्याण्णव, अकरावी फेरी, बरंगूल विरुद्ध कॅलवी. अठरा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो, तिकडं पश्चिमेला गव्हाच्या मुलखात राहत होतो आणि दर शनिवारी अठरा-अठरा जणांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या यारेंगा लीगमध्ये पंच म्हणून पळत होतो. लीगमध्ये पंचाला कोणी माणूस समजत नाही. म्हाताऱ्या बायका कुंपणावरून छत्री उगारून माझ्या आईचा उद्धार करायच्या आणि सोमवारी त्याच बायका दुकानात मला विचारायच्या, "आई बरी आहे ना रे?" मला त्याचं काही वाटत नव्हतं. शिट्टी चुकू शकते. बॉल ओला असतो, पाय घसरतो, चुकते. पण मतं चुकत नाहीत, हा माझा गर्व होता. सामना संपला की पंचांच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं, दोन्ही संघांच्या याद्या समोर घ्यायच्या आणि मैदानावरच्या सर्वांत चांगल्या तिघांना मतं द्यायची. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. कार्ड पाकिटात, पाकीट चिकटवून लीगच्या सेक्रेटरीकडं. सप्टेंबरात सगळे क्लब जेवायला एकत्र येतात तेव्हा ती पाकिटं फुटतात, फेरीमागून फेरी वाचली जाते आणि ज्याची मतं सगळ्यांत जास्त त्याच्या गळ्यात पदक पडतं. गावाकडं त्या पदकाला काय किंमत आहे ते शहरात कुणाला कळणार नाही. माणूस सत्तरीत वारला तरी वर्तमानपत्रात आधी पदकाचं साल येतं आणि मग बायकोचं नाव.

आता मला सगळं दिसत होतं, आणि ते इतकी वर्षं का दिसलं नाही याचाच राग येत होता. दुसऱ्या क्वार्टरला बरंगूलचा नऊ नंबर, ग्लेन झँकर, याची भुवई फुटली. रक्त असलेल्या खेळाडूला बाहेर काढायचं, रक्ताची जर्सी बदलल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा तेव्हा नवाच नियम होता. मीच शिट्टी वाजवली, मीच बोट दाखवून त्याला बाहेर घालवलं. नऊ नंबर पुन्हा आत आला नाही. आत आला एकतीस, डोक्याला पट्टी बांधलेला. पट्टी मी पाहिली होती! पाहिली होती आणि तिचा विचार केला नव्हता. पाऊस इतका होता की छत्तीसच्या छत्तीस तोंडं चिखलाची झाली होती, आणि आम्हाला शिकवलंच होतं की तोंडं बघू नका. तोंड बघणारा पंच पक्षपात करतो, आकडा बघा. मी आकडा बघितला. त्या एकतीसनं दोन क्वार्टर जे काही केलं ते मी नंतर कुणाला करताना पाहिलं नाही. कॅलवीच्या तिघांच्या डोक्यावरून त्यानं हवेत बॉल झेलला आणि खाली येताना पाय असा टेकला की जणू सुक्या गवतावर उतरलाय. सामना संपल्यावर ओल्या पेन्सिलीनं मी यादी चाचपली. एकतीस, एन. पोल्नर. 'हा पोल्नर कुठं लपला होता इतके दिवस?' असं मनात म्हटल्याचंही मला आठवतं. त्याला तीन मतं दिली. कौतुकानं दिली. आणि सप्टेंबरात ग्लेन झँकरचं पदक दोन मतांनी हुकलं, हे मी तापानं अंथरुणात पडलेलो असताना साप्ताहिकात वाचलं आणि पान उलटून गव्हाचे भाव बघितले.

शनिवारी सकाळी मी गाडीची किल्ली घेतली तेव्हा हेदर टोस्टला लोणी लावत होती. माझी बायको फार बोलत नाही. बोलते तेव्हा सुरी खाली ठेवते. तिनं सुरी खाली ठेवली. "अठरा वर्षांनी कोणासाठी चाललायस? त्यांच्यासाठी का तुझ्यासाठी?" मी म्हटलं, "खरं ते खरं." ती म्हणाली, "ते ठीक आहे. मी विचारलं कोणासाठी." साडेतीन तास गाडी हाकताना मी तिला उत्तरं देत होतो. एकापेक्षा एक चांगली उत्तरं, आणि ऐकायला कोणी नाही. बॅलरॅट शहर मागं पडलं तशी जमीन सपाट होत गेली, मोहरीसारखी पिवळी शेतं दोन्ही बाजूंनी सुरू झाली, आणि मला त्या पिवळ्याचाही त्रास व्हायला लागला. ग्लेनला सांगायचं, एवढं ठरलं होतं. वस्तू ज्याची त्याला परत. पण मग पोल्नरचं काय, हा विचार मी दर दहा मैलांनी दाराबाहेर काढत होतो आणि तो दर दहा मैलांनी परत येत होता. मला तर त्याचा चेहराही आठवत नव्हता. आठवणार कसा? मी आकडा पाहिला होता.

बरंगूलच्या मैदानाच्या फाटकाशी लोखंडी साखळी आडवी होती आणि साखळीशी लोकरी टोपी घातलेला एक बुटका, रुंद माणूस. त्यानं खिडकीत डोकं घातलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ट्रेविन! रॉस ट्रेविन! अरे आंधळ्या, तू जिवंत आहेस?"

मी म्हटलं, "आहे बुवा. तुम्ही?"

"तुम्ही कसलं, लेका! मी नेव्ह. नेव्ह पोल्नर. एकतीस नंबर!" त्यानं छातीवर हात मारला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तर हा मागं वळून ओरडला, "थांब जरा! पाहुणा कोण आलाय बघ तरी! या माणसाच्या डोळ्याला डोळा म्हणतात!" मागच्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं मान बाहेर काढून मला निरखलं. "तीनमत्या, तुझा देव आला की रे!" तो म्हणाला, आणि दोघं खो खो हसले.

तीनमत्या. ते त्याचं नाव होतं. पुढच्या तासाभरात मला ते इतक्या तोंडांतून ऐकू आलं की मी मोजणं सोडलं. सूप वाढणाऱ्या बाईनं मला सांगितलं, नेटबॉलच्या मैदानाकडं जाणाऱ्या दोन पोरींनी सांगितलं, आणि स्कोअरच्या पाटीशी बसलेल्या माणसानं तर साग्रसंगीत सांगितलं. दर सप्टेंबरात, मतं वाचताना अकरावी फेरी आली, की बरंगूलचं टेबल एका आवाजात ओरडतं, "तीन मतं, एन. पोल्नर!" वाचलं कुणाचंही नाव जावो. मग नेव्हनं उठायचं, कमरेत वाकायचं आणि बसायचं. चौऱ्याण्णव साली जन्मालाही न आलेली पोरं ओरडतात. लीगच्या अध्यक्षानं एकदा हे बंद करायचा प्रयत्न केला तर त्या वर्षी बाकीचे नऊ क्लबही ओरडले. "आयुष्यात त्याला तेवढीच मतं पडली," स्कोअरवाला म्हणाला, "पण पडली ती एकदम तीन! गडी तसा मागच्या फळीतला, धावायला बैल. पण त्या दिवशी काय अंगात आलं होतं देव जाणे. बाप तर त्याचा..." त्यानं हात वर करून सोडून दिला. "कधी पोराशी धड न बोललेला माणूस. त्या रात्री खुर्चीवर उभा राहिला होता." मैदानाच्या रेघा नेव्ह मारतो, जर्सी नेव्ह धुतो, शुक्रवारी पोरांना फोन करून उद्या खेळायला या म्हणून गळ नेव्ह घालतो. मी सूप तसंच ठेवलं. मी इथं एका माणसाचं देणं द्यायला आलो होतो आणि ते दुसऱ्याच्या खिशातून काढावं लागणार होतं.

ग्लेन झँकर कुंपणाला टेकून उभा होता. त्याची पिकअप मागंच, नाक मैदानाकडं करून लावलेली, इतर गाड्यांसारखीच. बेचाळीसचा, केस पांढरे, डावा गुडघा ताठ. भुवईवरचा व्रण मी चार पावलांवरून ओळखला, आणि तो व्रण ओळखता आला याचीच मला लाज वाटली. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, खेळावरची नजर न काढता. मी म्हटलं, "अकराव्या फेरीबद्दल बोलायचं होतं." मी गाडीत घोकलेलं सगळं विसरलो आणि एका दमात म्हणालो, "ती तीन मतं तुझी होती." आणि नेमका त्याच क्षणी बरंगूलनं गोल मारला. कुंपणाभोवतीच्या साठ-सत्तर गाड्यांनी हॉर्न वाजवले. ग्लेननंही खिडकीतून हात घालून आपला वाजवला. माझं वाक्य कुठल्याकुठं गेलं.

"काय म्हणालास?" त्यानं विचारलं.

पुन्हा म्हणणं फार कठीण होतं. एकदा धाडस करता येतं. दुसऱ्यांदा त्याचं गाऱ्हाणं होतं. "ती तीन मतं तुझी होती. मी जर्सीचा आकडा बघून लिहिली. तू नेव्हची जर्सी घातली होतीस हे मला कळलं नाही."

"नेव्हची मांडी भरली म्हणून तो बाहेर बसला होता," ग्लेन सावकाश म्हणाला, जणू पेरणीबद्दल बोलतोय. "जादाच्या जर्सीची पिशवी आणायला आम्ही विसरलो होतो. मग त्याचीच काढून घातली. ओली होती, आणि मला तोकडी."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"नाव वाचलं तेव्हाच कळलं. टेबलावर एक-दोघांना अंदाज आला असेल. बाकीच्यांना कशाला आठवतंय, पाऊस किती होता! आता तू म्हणशील, मग बोलला का नाहीस. बरंगूलचा ग्लेन झँकर मोठ्या मनाचा, असं काहीतरी डोक्यात घेऊन जाशील. तसं नव्हतं ते. नेव्हचा बाप खुर्चीवर चढला, सगळे हसतायत, आणि मी मनात म्हटलं, जाऊ दे, पदक काय, पुढच्या वर्षी मी घेईनच. चोविशीत होतो. चांगुलपणा नव्हता तो, गड्या, माज होता. पुढच्या वर्षी तिसऱ्या फेरीत गुडघा गेला."

मी म्हटलं, "मी लीगला लिहून देतो. अजूनही नोंद बदलता येईल. तुझ्या सतरा मतांची वीस होतात. पदक तुझं."

आता त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं डोळ्यांत काहीतरी असेल, राग, निदान हाव तरी. चीड होती, पण ती एखाद्या पोरानं अंगणात चिखलाचे पाय उमटवल्यावर येते तशी. "अठरा वर्षं मी हे गिळलंय, ट्रेविन. पहिली दोन-तीन वर्षं रात्री उठून बसायचो. मग सवय झाली. मग त्या अकराव्या फेरीला मीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडायला लागलो. आणि आता तू शहरातून येणार, मला पदक घालणार, हलका होऊन परत जाणार, आणि सोमवारी सकाळी दुकानात मला नेव्ह भेटणार. तुला नाही भेटणार तो, मला भेटणार. मी काय सांगू त्याला?" बॉल कुंपणाशी आला, त्यानं वाकून तो उचलला आणि ताठ गुडघ्यानंच असा परत मारला की सीमेवरच्या पंचाला हलावंही लागलं नाही. "लोकांना अंदाज असणं वेगळं आणि पंचानं सांगणं वेगळं. तू सांगितलंस की ते झालं. बोलू नकोस. कोणाशीही बोलू नकोस."

मी बाजूला झालो. सामन्याचं शेवटचं क्वार्टर मी मैदानाला फेऱ्या घालत घालवलं, कारण एका जागी उभं राहवत नव्हतं. माझं खरं घेऊन मी फिरत होतो आणि ते कुणालाच नको होतं. मला राग यायला लागला होता, आणि लाज वाटत होती की राग येतोय. काय हवं होतं मला? शिक्षा हवी होती बहुतेक. कुणीतरी आंधळा म्हणावं आणि या वेळी ते मनापासून म्हणावं. लहान असताना मी वडिलांच्या घड्याळाची काच फोडली होती आणि दोन दिवस वाट बघून स्वतः सांगितलं, तर ते म्हणाले होते, "मला माहीत होतं." बास, एवढंच. मारलं नाही. त्या दोन दिवसांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मैदानावर कुणीतरी घसरून पडलं, पंचानं शिट्टी दिली, एक बाई किंचाळली, "चष्मा लाव रे, चष्मा!" आणि माझी मान सवयीनं वळली. तो पंच बिचारा पंचविशीतला, चिखलानं भरलेला. त्याच्या खिशात कार्ड असणार. सायरन वाजला. बरंगूल अकरा गुणांनी हरलं. पोरं बॉल घेऊन मैदानात घुसली आणि मी कोणाचा निरोप न घेता गाडीकडं चालायला लागलो.

फाटकाशी साखळी पुन्हा आडवी होती. सायरननंतर पोरं मैदानात इकडून तिकडं धावतात, म्हणून गाड्या थोपवून एकेक सोडायच्या, हेही नेव्हचंच काम. माझी गाडी पहिली. त्यानं साखळी काढली नाही. खिडकीशी आला, टोपी काढून हातात धरली. टक्कल पडलं होतं. टोपीशिवाय तो एकदम म्हातारा दिसला.

"ग्लेनला काय सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. जुन्या गप्पा."

"पाऊण क्वार्टर दोघं शेजारी उभे होतात. ग्लेन एवढा वेळ बायकोशेजारीपण उभा राहत नाही." तो हसला, पण सकाळसारखं नाही. "हे बघ, पंचसाहेब. मी ढ आहे, पण मोजता येतं मला. त्या दिवशी मी दुसऱ्या क्वार्टरला बाहेर आलो. तोवर माझ्या हाताला बॉल लागला दोनदा. त्यातला एकदा तूच दिला होतास, फ्री किक म्हणून. दोनदा हात लागला म्हणून कोणी तीन मतं देतं का?"

मी गाडी बंद केली. माझे हात चाकावरच राहिले.

"जेवणाच्या रात्रीच कळलं मला," तो म्हणाला. "घरी जाताना सांगणार होतो. पण गाडी बाप चालवत होता आणि बाप बोलत होता. ट्रेविन, माझा बाप बोलत नसे. जेवताना मीठ हवं असलं तर बोट दाखवायचा. त्या रात्री तो चाळीस मैल बोलला. त्याच्या लहानपणचं बोलला, त्याला कसं खेळू दिलं नाही ते बोलला. मी म्हटलं, उद्या सांगू. सकाळी उठून बघतो तर म्हातारा धान्याच्या सायलोवरच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगून आलेला. मग तो जाईपर्यंत कसं सांगणार? आणि तो गेला तोवर मी तीनमत्या झालो होतो." मागं दोन गाड्या येऊन थांबल्या. नेव्हनं त्यांना हातानंच थांबा म्हटलं. "ते सगळं ठीक आहे. चोरी ती चोरी, मी काही रडत नाहीये. पण दर वर्षी मी उठून वाकतो ना, तेव्हा ग्लेन सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो, टाळ्या वाजवतो. मी वाकलेला असतो आणि खालून त्याच्याकडं बघतो. याला माहीत आहे का? नसेल तर मी एका मित्राला फसवतोय. असेल तर... असेल तर तो अठरा वर्षं काय करतोय? मला झोप लागत नाही रे त्या रात्री. तू आत्ता त्याच्याशी बोलून आलास. मला बाकी काही सांगू नकोस. एवढंच सांग. ग्लेनला माहीत आहे का?"

पंचाला अर्धा सेकंद मिळतो. अर्ध्या सेकंदात शिट्टी तोंडात नाही गेली तर निर्णय गेलाच म्हणून समजायचं. हेही आम्हाला शिकवलं होतं. 'नाही' म्हणायला मला अर्धा सेकंद पुरला असता. ग्लेननं तेच मागितलं होतं, आणि नेव्ह ते मानून झोपला असता कदाचित. पण मी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. बोलता बोलता त्याच्या नाकाच्या शेंड्याला पाणी आलं होतं, पापण्या पांढऱ्या होत्या, खालचा ओठ एका बाजूला जरा जास्त ओढलेला होता. हा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता. आणि मग माझी नजर, मी न सांगता, मैदानापलीकडं ग्लेनच्या पिकअपकडं गेली. एवढंच केलं मी. नेव्हनंही तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बरं," तो म्हणाला.

त्यानं टोपी घातली, साखळीचं टोक सोडवून खिडकीतून माझ्या हातात दिलं, "धर जरा," म्हणाला आणि मैदानात शिरला. सरळ मधूनच चालला, पोरांच्या बॉलमधून, आपण सकाळी मारलेल्या रेघांवरून. मधल्या वर्तुळापाशी थबकला. मला वाटलं, परत फिरतो आता. खरं सांगायचं तर तो परत फिरावा असं मला वाटलं. पण तो पुढं गेला. ग्लेननं त्याला येताना पाहिलं आणि पिकअपचं दार उघडता उघडता पुन्हा लावून टाकलं. दोघांमध्ये चार हात अंतर होतं. नेव्ह बोलत होता. हात हलत नव्हते, नुसता बोलत होता, आणि ग्लेन जमिनीकडं बघत होता. इतक्या लांबून मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. मी बोललो नव्हतो आणि सगळं माझ्यामुळंच झालं होतं, आणि मी नुसती साखळी धरून बसलो होतो. बऱ्याच वेळानं ग्लेन पिकअपच्या मागच्या हौद्यावर बसला. नेव्ह उभाच. मग ग्लेननं शेजारची जागा हातानं झटकली, चिखल असेल, आणि नेव्ह बसला. दोघांच्या पाठी माझ्याकडं. नेव्हचे खांदे हलायला लागले. रडत होता का हसत होता, मला कळलं नाही.

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी साखळी खाली टाकली, माझी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि पोरं बाजूला झालेली बघून एकेक गाडी सोडायला लागलो. तिसऱ्या गाडीत सूप वाढणारी बाई होती. तिनं काच खाली केली.

"नेव्ह कुठाय?"

"तिकडं ग्लेनशी बोलतोय."

तिनं मैदानापलीकडं पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, "मग फाटक कोण बघणार?"

"तो येईपर्यंत मी आहे," मी म्हटलं आणि तिच्यामागच्या गाडीला हात केला.